रांगेतलं शेवटचं ताट

आमच्या साहेबांच्या बॅगेत ॲल्युमिनियमची एक ताटली असायची. उभ्या काठाची, बुडाला पोचे आलेली. करोल बागेतल्या आमच्या ऑफिसचा जिना ते चढायला लागले की ती चष्म्याच्या घरावर आपटून टण् टण् वाजायची, आणि वर बसलेले सगळे एकदम कामात बुडाल्यासारखं करायचे. साहेब रागवायचे म्हणून नव्हे. दारातूनच ते विचारायचे, "आज जेलात जेवायला कोण येतंय?" आणि जो मान वर करेल त्याला घेऊन जायचे.

ऑफिस म्हणजे मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानावरचा मजला. दिल्लीत तेव्हा रोज नवनव्या गाड्या येत होत्या आणि प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा मोठा हॉर्न पाहिजे होता. खाली दिवसभर हॉर्न वाजवून वाजवून विकले जायचे आणि वर आम्ही कारागृह सुधारणा करायचो. जगातल्या देशांनी एकत्र बसून कैद्याला कसं वागवावं याचे काही किमान नियम ठरवले आहेत. ते आपल्या जेलांत कितपत पाळले जातात ते बघायचं, परदेशातले जाणकार इकडे आणायचे, इकडचे जेलर तिकडे ट्रेनिंगला पाठवायचे आणि या सगळ्याचे इंग्रजीत अहवाल लिहायचे, हे आमच्या संस्थेचं काम. साहेबांची उभी हयात महाराष्ट्रातल्या जेलखात्यात गेली होती, सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले होते. आमच्या डायरेक्टरांनी त्यांना सल्लागार म्हणून दिल्लीला आणलं होतं, आणि दर वर्षी त्यांची मुदत वाढवली जायची. अहवाल लिहायला मी होते.

मी हवालदाराची मुलगी. गाव साताऱ्याकडचं, पण शाळा सगळ्या छावण्यांतल्या. आमच्या घराण्यात बी. ए. झालेली मी पहिली आणि एम. ए. झालेलीही मीच पहिली, हे मी कुणी न विचारता सांगते. इंटरव्ह्यूलाही सांगितलं होतं. डायरेक्टर "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणाले. साहेब कोपऱ्यात बसले होते. त्यांनी मराठीत एकच प्रश्न विचारला.

"रांगेत कधी शेवटी उभ्या राहिल्या आहात का?"

मला वाटलं, चेष्टा चाललीय. मीही सरळच उत्तर दिलं. "साहेब, नळाला, रेशनला, कँटीनला आमच्या घरातलं कुणी पुढं उभंच राहिलेलं नाही. वर्गात मात्र मी पहिली होते."

"मग झालं," साहेब म्हणाले. "या उद्यापासून, ग्रॅज्युएट."

तेच माझं नाव पडलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर टोमणा वाटला असता. साहेब असं म्हणायचे जसं आमच्या वडिलांना लोक "हवालदार" म्हणायचे, हुद्दा म्हणून.

रांगेचं प्रकरण मला पहिल्या जेलभेटीत कळलं. जेलात एक पद्धत असते. वरिष्ठ माणूस आला की कैद्यांच्या जेवणाचा नमुना त्याच्यापुढे चाखायला आणतात. स्टीलची चकचकीत थाळी, वर पांढरा रुमाल, डाळीवर तुपाची फोडणी, गरम रोटी. साहेब उभे राहून त्या थाळीला नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "बहुत बढ़िया. ये आप खाइए." मग बॅगेतून आपली ताटली काढायचे आणि थेट आवारात जाऊन कैद्यांच्या पंगतीत सगळ्यात शेवटी बसकण मारायचे. सुपरिंटेंडेंट मागे धावायचा, "साहब, कुर्सी... साहब, दरी तो बिछाने दीजिए..." साहेब हलायचे नाहीत.

परत येताना मला म्हणाले, "डाळ कमी पडायला लागली की पाणी वाढतं. किती वाढलं, ते ऑफिसातल्या थाळीत कळत नाही. शेवटच्या ताटात कळतं." मग खिशातून सुपारी काढून, "तुमच्या अहवालात हे कुठल्या कलमाखाली येईल बघा."

परदेशी पाहुण्यांनाही ते सोडायचे नाहीत. गोऱ्या, उंच, गुडघे न दुमडणाऱ्या माणसांना त्यांनी पंगतीत बसवलेलं मी पाहिलंय. एका पाहुण्याला डाळ फार आवडली. त्याने मागून घेतली. साहेबांचा चेहरा पडला. "चांगली होती हो खरंच," ते नंतर म्हणाले, "म्हणजे त्यांना आम्ही येणार हे कळलं होतं." पुढच्या वेळेपासून त्यांनी भेटीचा दिवस आमच्या डायरेक्टरांनासुद्धा सांगणं बंद केलं.

साहेबांचं बोलणंही उलटं होतं. कैद्याला "आप", "भाईसाहब", मराठी असला तर "अहो". शिपायाला, चहावाल्याला, मला, सगळ्यांना "तुम्ही". आवाज चढायचा तो फक्त अधिकाऱ्यांवर, आणि तोही "तुम्ही"तच. मी एकदा म्हटलं, "साहेब, मी तुमच्या मुलीच्या वयाची. मला काय अहो-जाहो करता?" तर म्हणाले, "नोकरीभर ज्यांना मनात आलं त्यांना अरे-तुरे केलं. निवृत्त झालो त्या दिवशी ठरवलं, आता 'तू' फक्त घरच्यांना." घरचं म्हणावं असं दिल्लीत त्यांचं कुणी नव्हतं. पत्नी वारल्या होत्या, मुलगी परदेशात. म्हणजे त्यांचं "तू" बंद पेटीतच पडून होतं.

राहायला ते गाझियाबादला, आमच्या शेजारच्याच नव्या सोसायटीत. वडील निवृत्त झाल्यावर आम्हीही छावणीतलं क्वार्टर सोडून तिकडे फ्लॅट घेतला होता. यमुनेपलीकडे तेव्हा रोज नवी इमारत उठत होती. नावं सगळी परदेशी, रस्ते मात्र अजून यायचे होते. साहेबांची सोसायटी मोठी दिमाखाची. उंच कंपाउंड, वर काचा, गेटवर दोन चौकीदार. साहेब म्हणायचे, "मी काही निवृत्त झालेलो नाही. फक्त आता भिंतीच्या आतल्या बाजूला राहतो."

एकदा तिथल्या वार्षिक सभेला त्यांनी मला मुद्दाम साक्षीदार म्हणून नेलं. प्रत्येक फ्लॅटला स्वयंपाकघरामागे कामवाल्यांसाठी खोली होती, आणि तिला खिडकी नव्हती. साहेब आदल्या दिवशी त्या खोलीत दार लावून, दिवा न लावता वर्तमानपत्र घेऊन बसले होते. नियमच आहे तसा, कोठडीत दिवसा वाचता येईल इतका उजेड पाहिजे. सभेत पार्किंगवर भांडणं चालली होती. साहेब उठले.

"भाईयों और बहनों, उस कमरे में मुझे हेडलाइन भी नहीं दिखी."

सेक्रेटरी म्हणाला, "अंकलजी, वो तो सर्वेंट रूम है. वहाँ किसको अख़बार पढ़ना है?"

"मैं वहाँ क़ैदी नहीं रखने देता," साहेब म्हणाले. "आप लोग आदमी रख रहे हैं."

कुणीतरी हसलं, कुणीतरी "यार, इनको बिठाओ" म्हणालं. पण पुढच्या महिन्यात दोन फ्लॅटवाल्यांनी भिंत फोडून झरोका काढला. त्यातल्या एका घरातली कामवाली नंतर साहेबांना गेटवर रोज "नमस्ते जेलर साब" म्हणायची. साहेब खूश. मिश्या पुसायचे.

संक्रांतीच्या सुमाराला दिल्लीतली मराठी मंडळी पानिपताला, काला अंबच्या स्मारकावर जातात. मीही वडिलांबरोबर दर वर्षी जायचे. एका वर्षी साहेब बसमध्ये होते. स्मारकापाशी भाषणं झाली, कोण कसा लढला, कोण कुठे पडला, किती तलवारी, किती घोडे. लोकांचे डोळे भरून आले. भाषण करणाऱ्याने "कुणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर साहेबांनी हात वर केला.

"जे पकडले गेले त्यांचं काय झालं?"

वक्त्याला प्रश्न आवडला नाही. "बऱ्याच लोकांना कैद करून पश्चिमेकडे नेलं, असं सांगतात," एवढं बोलून तो पुढे सरकला. परतताना बसमध्ये सगळे तिळगूळ वाटत होते. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, "गेलेले गेले हो, ग्रॅज्युएट. पण जे नेले, ते तिकडे कुणाशी बोलले असतील? त्यांची भाषा कुणाला कळत असेल?"

मी तिळगुळाची पुडी त्यांच्यापुढे धरली. पण दोनतीन आठवड्यांतच या प्रश्नाने आमच्या ऑफिसचं सगळं वेळापत्रक उधळलं.

एका दुपारी आम्ही शेजारच्या एका जिल्हा जेलात गेलो होतो. थंडीचं कोवळं ऊन होतं, आवारात पंगत बसली होती. साहेब ताटली घेऊन शेवटच्या माणसाशेजारी जाऊन बसले. मी सुपरिंटेंडेंटजवळ उभी. तो शेवटचा माणूस उंच, काळा, आफ्रिकेकडचा असावा असा. गुडघे उराशी घेऊन बसला होता. वाढून झालं. साहेबांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून, हात जोडून जेवणाआधीचा श्लोक म्हटला. एरवी या वेळी पंगतीत खसखस पिकायची. साहेबांनी डोळे उघडले तेव्हा शेजारच्या माणसाचे डोळे मिटलेले होते. एक हात ताटावर धरून तोही हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होता. एक लय होती त्याला. म्हणून झालं आणि तो थांबला. हात तसाच ताटावर. बाजूला एकदा पाहिलं. मग हात काढून रोटी मोडली.

साहेब जेवायचं सोडून उठले. "ये भाईसाहब कौन हैं?"

"ये? ये तो गूंगा है साहब," सुपरिंटेंडेंट म्हणाला. माणूस वाईट नव्हता, कामाने वाकलेला होता. "हम तो इसको गूंगा ही बुलाते हैं. काग़ज़ पर भी यही है."

"अभी बोला."

"बड़बड़ाता होगा."

"बड़बड़ानेवाला रुकता नहीं," साहेब म्हणाले. "ये रुका."

मग सगळं कळलं. तो स्टेशनवर विनाकागद सापडला होता. पासपोर्ट नाही, काही नाही. विचारलेलं त्याला कळत नव्हतं आणि तो बोललेलं कुणाला कळत नव्हतं. ओरडून विचारलं, मग आणखी ओरडून विचारलं, आणि तो बोलायचाच बंद झाला. कोर्टात मुका म्हणून नोंद झाली. बेकायदा राहिल्याची शिक्षा लागली, ती छोटीशी होती, ती कधीच संपली होती. पण परदेशी माणसाला सोडायचं म्हणजे त्याच्या देशात परत पाठवायचं. देश कुठला, तेच ठाऊक नाही. मग ठेवा आतच. जेवणाची आरोळी त्याला समजायची नाही. सगळे उठलेले दिसले की तो उठायचा, म्हणून रोज शेवटी.

परतीच्या बसमध्ये साहेब माझ्याकडे वळले. "पाहिलंत? म्हणून झाल्यावर थांबला. मी थांबतो का? मी थेट घास घेतो. त्याच्या श्लोकातलं दुसऱ्या कुणीतरी म्हणायचं राहतंय."

आमच्या नियमांच्या पुस्तकात आहे, परदेशी कैद्याला आपल्या देशाच्या वकिलातीशी बोलता आलं पाहिजे. साहेबांनी ते पान मला उघडून दाखवलं. "देश माहीत नसेल तर काय करायचं, ते यात लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे ते आपल्यावर सोडलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून एक टेपरेकॉर्डर आणला. तो माणूस माइक पुढे धरला की तोंड मिटून घ्यायचा, म्हणून जेवणाच्या वेळीच, ताटाशेजारी ठेवून त्याचा आवाज घ्यायचं ठरलं. सुपरिंटेंडेंटने परवानगी दिली आणि वर विचारलं, "साहब, अंताक्षरी होगी क्या?" कॅसेटवर पातेल्यांचा खणखणाट आला, एक कावळा आला, मग तो आवाज, मग ती थांबलेली जागा, आणि मग रोटी मोडल्याचासुद्धा आवाज आला.

ती कॅसेट घेऊन आम्ही वकिलाती पालथ्या घातल्या. साहेब स्कूटरवर पुढे, मी मागे, मांडीवर टेपरेकॉर्डर. आफ्रिकेतला जो देश सापडेल त्याच्या दारात. एका गेटवर चौकीदार म्हणाला, "हमें कैसेट नहीं चाहिए, आगे जाओ." दुसरीकडे एका अधिकाऱ्याने दोनदा ऐकून घेतलं आणि म्हणाला, फार सुंदर आहे, पण आमचं नाही. तिसरीकडे सांगितलं, लेखी पाठवा. साहेब विचारायचे, "आवाज लेखी कसा पाठवू?" माझ्या वडिलांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "एम. ए. करून तू नोकरी करतेस, का वाजंत्रीवाल्याच्या मागे फिरतेस?" पण रविवारी ते स्वतः साहेबांच्या स्कूटरचा ब्रेक नीट करून आले.

याच दिवसांत आमच्या संस्थेचं मोठं आंतरराष्ट्रीय सेमिनार होतं. कितीतरी देशांचे जेल अधिकारी येणार, मोठ्या हॉटेलचा हॉल, करार होणार, पुढच्या कामाला मदत मिळणार. डायरेक्टरांनी साहेबांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, आम्ही सगळे ऐकत होतो.

"देखिए, हम पॉलिसीवाले लोग हैं," डायरेक्टर म्हणाले. लखनौकडचे, रागातसुद्धा गोड बोलायचे. "एक आदमी के पीछे आपने दफ़्तर बंद कर रखा है."

"पॉलिसी भी एक आदमी के लिए ही होती है. बाक़ी सब उसी के जैसे एक-एक हैं."

"आपका एक्सटेंशन सेमिनार के बाद मेरी मेज़ पर आएगा. बस इतना याद रखिए. आप अपना पेपर पढ़िए और बैठ जाइए."

"पढ़ूँगा," साहेब म्हणाले.

तो पेपर मी लिहिला होता. कैद्यांच्या आहारावर. चार वेळा लिहिला, ग्रंथालयात बसून लिहिला, आणि मी आजही म्हणेन की चांगला होता. साहेबांचं इंग्रजी कच्चं. ओळीखाली पट्टी धरून ते रोज मला वाचून दाखवायचे. "न्यूट्रिशन"पाशी अडायचे. मी दुरुस्त करायचे आणि माझा ऊर भरून यायचा. एवढ्या देशांच्या लोकांसमोर माझी वाक्यं वाचली जाणार होती.

सेमिनारच्या दिवशी साहेब राखाडी सफारीत आले. हातात बॅग. नाव पुकारल्यावर व्यासपीठावर गेले आणि बॅग माइकजवळ ठेवली. ताटली टण्णकन वाजली, सगळा हॉल दचकला. साहेबांनी माझा पेपर काढला, नीट घडी करून वरच्या खिशात ठेवला, आणि बॅगेतून टेपरेकॉर्डर बाहेर काढला.

तुटक इंग्रजीत ते म्हणाले, "माझा पेपर फार चांगला आहे. आमच्या ग्रॅज्युएट बाईंनी लिहिलाय, सगळ्यांना झेरॉक्स मिळेल, जरूर वाचा. माझी वेळ मी दुसऱ्या एका माणसाला देतो. त्याची शिक्षा संपली आहे. तो कुठला, हे आम्हाला माहीत नाही, म्हणून तो आत आहे. आपण सगळे त्याच्यासाठीच इथे आलो आहोत. ऐका."

आणि कॅसेट लावली.

पातेली, कावळा, आवाज, थांबलेली जागा. कुणी झेरॉक्स शोधत होतं, कुणी शेजाऱ्याला काय चाललंय विचारत होतं. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. कॅसेट थांबली. हॉलमध्ये खोकल्याचे आवाज. डायरेक्टर उठून साहेबांच्या बाहीला हात लावून हसत हसत म्हणाले, "थँक यू, थँक यू..."

"एक बार और," साहेब म्हणाले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. विनवणीचा.

त्यांनी कॅसेट मागे फिरवली. ती चर्रचर्र संपेपर्यंत डायरेक्टर हसूच चेहऱ्यावर ठेवून उभे. पुन्हा पातेली. पुन्हा कावळा. या वेळी हॉल गप्प होता. आवाज आला, लय चढली, उतरली आणि थांबली.

आणि त्या थांबलेल्या जागेत, मागच्या रांगेतून एका बाईने उत्तर दिलं.

दोनच अक्षरं. ती उभी राहिली नव्हती, हातही वर केला नव्हता. डोक्याला पिवळं कापड बांधलेली, तिकडच्या एका देशाची जेल अधिकारी. घरात कुणी हाक मारल्यावर आपण जसे न बघता ओ देतो, तशी ती बोलून गेली. मग तिलाच कळलं आपण काय केलं ते, आणि तिने तोंडावर हात धरला.

साहेब व्यासपीठावरून उतरले आणि खुर्च्यांमधून वाट काढत तिच्यापाशी गेले. करार, अध्यक्ष, सगळं मागे राहिलं. चहाच्या सुट्टीत ती सांगत होती आणि मी साहेबांना मराठीत सांगत होते. ही तिच्या आईच्या गावची बोली. डोंगराच्या अलीकडे तिचा देश आणि पलीकडे दुसरा, बोली दोन्हीकडे. राजधानीतल्या लोकांना ती येत नाही. आमच्या कॅसेटला "आमचं नाही" म्हणणारे तिच्याच वकिलातीतले होते. पलीकडच्या देशाची तर दिल्लीत वकिलातच नव्हती. जेवणाआधी घरातलं एक माणूस म्हणतं आणि बाकीचे उत्तर देतात. "उत्तर आल्याशिवाय घास घेत नाहीत," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. कितीतरी वेळ तो पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पाहुण्यांना एक नमुनेदार जेल दाखवायला नेलं. ही बाई मात्र आमच्याबरोबर त्या जिल्हा जेलात आली. पंगतीच्या शेवटी तो माणूस, त्याच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला ती. वाढून झालं. साहेबांचा श्लोक झाला. त्याने हात ताटावर धरला, डोळे मिटले, म्हटलं, थांबला. तिने उत्तर दिलं.

त्याने डोळे उघडलेच नाहीत. हात तसाच ताटावर. मग त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तसाच, डोळे न उघडता, तो काहीतरी विचारू लागला. तिने उत्तर दिलं, त्याने पुन्हा विचारलं. मग जे बोलायला लागला, ते थांबेचना. डाळ गार झाली. पंगतीतलं कुणी उठलं नाही. कुणीतरी नोकरी देतो सांगून त्याला आणलं होतं आणि पासपोर्ट घेऊन पसार झालं होतं. गावी आई होती, बकऱ्या होत्या. सुपरिंटेंडेंट माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मैडम, नाम पूछिए इनका. नाम की स्पेलिंग बताइए." पहिल्यांदाच तो त्याला "इनका" म्हणाला होता.

नाव मी इथे लिहीत नाही. ते त्याचं आहे, आणि मोठ्या मुश्किलीने त्याला परत मिळालंय.

त्यानंतर कागद फिरत राहिले. त्या बाईने आपल्या खात्याकडून शेजारच्या देशाला कळवलं, त्या देशाने गावाला माणूस पाठवला, गावाने ओळख दिली. इकडून आमच्या ऑफिसने, म्हणजे मी, एकामागून एक खलिते पाठवले. या सगळ्याला कित्येक महिने गेले. पण ती बाई परत जाण्याआधी साहेबांनी तिच्याकडून ती दोन अक्षरं घोटून घेतली होती. दर आठवड्याला ते ताटली घेऊन जायचे, शेवटी बसायचे, आणि त्याचं म्हणून झालं की उत्तर द्यायचे. पहिल्या वेळी त्यांचा उच्चार ऐकून तो माणूस इतका हसला की त्याला ठसका लागला. बाकीचे दिवस साहेब नसताना काय होतं, याची त्यांना काळजी होती. मग कळलं, समोरच्या बराकीतले दोघे चोरीतले आरोपी ती अक्षरं शिकले होते.

सेमिनारच्या छापील अहवालात साहेबांच्या नावापुढे आलं, "तांत्रिक अडचणीमुळे निबंध वाचला गेला नाही." करार झाला. साहेबांची मुदत मात्र वाढली नाही. डायरेक्टर म्हणाले, ऑफिसमध्ये कंप्युटर येतोय, आता तरुण सल्लागार हवेत, आप बिल्कुल बुरा मत मानिए. साहेब म्हणाले, "बुरा क्यों मानूँ? माझी शिक्षा संपली, आणि माझा देशही सगळ्यांना माहीत आहे. सोडा." अर्धं मराठीतच म्हणाले. मी भाषांतर केलं नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवशी दुपारी फोन वाजला. परदेशातला, खरखरणारा, त्यात खाली हॉर्नची तपासणी रंगात आलेली. मी दुसरा कान बंद करून ऐकत होते. पिवळ्या कापडवाली बाई. कालच ती डोंगरापलीकडे जाऊन आली होती. तो पोचला. आईने ताट वाढलं. त्याने म्हटलं, आणि उत्तर द्यायला अख्खं गाव अंगणात उभं होतं.

मी साहेबांना सांगितलं. ते टेबल आवरत होते. "अच्छा," एवढंच म्हणाले. मग बॅगेतून ताटली काढली आणि माझ्या डब्याकडे पाहिलं.

मी भाकरी आणि मेथीची भाजी अर्धी अर्धी वाढली. दोघं समोरासमोर बसलो. साहेबांनी डोळे मिटून, हात जोडून श्लोक म्हटला. खाली कुणीतरी एक लांबलचक हॉर्न वाजवून पाहिला. श्लोक संपला. मी भाकरी मोडायला घेतली आणि पाहिलं, तर साहेबांचे डोळे अजून मिटलेलेच होते. एक हात ताटलीवर धरून ते थांबले होते.

मला समजायला जरा वेळ लागला. मग मी भाकरी खाली ठेवली आणि ती दोन अक्षरं म्हटली.

साहेबांनी एक डोळा उघडला.

"उच्चार साफ चुकला, ग्रॅज्युएट," ते म्हणाले. "पण चालेल. जेव आता."